खडकवासल्याचं पाणी मे महिन्यात एवढं छान का लागतं आणि नेमकं तेव्हाच ते धोक्याचं का असतं

एप्रिल लागला की पेपरात तीच बातमी यायला सुरुवात होते, फक्त धरणाचं नाव बदलतं. खडकवासला, पवना, पानशेत, भाटघर, कुठलंही घ्या. फिरायला गेलेला ग्रुप असतो नाहीतर सुट्टीला पाहुण्यांकडे आलेली पोरं असतात, एकजण पाण्यात उतरतो, त्याचा पाय घसरतो, त्याला धरायला दुसरा जातो आणि त्याच्यामागे तिसरा. बातमीच्या शेवटी असतं की पाण्याचा अंदाज आला नाही. पण नेमकं नडलं काय, खोली, गारवा, गाळ की वारा, ते कुठेच नसतं, त्यामुळे वाचणारा हळहळतो आणि पुढच्या रविवारी त्याच काठावर जाऊन उभा राहतो.

म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं, धरणाचं पाणी वर्षभरात कधी तापतं, कधी गार होतं, आत काय चालू असतं आणि पोहणाऱ्यासाठी त्याचा अर्थ काय. उदाहरण खडकवासल्याच्या साखळीचं घेतो, पण सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या बहुतेक धरणांना हे थोड्याफार फरकाने लागू आहे.

आधी ही साखळी समजून घ्या

पुण्याला मुख्यतः पाणी देणारी धरणं चार. वर डोंगरात टेमघर, वरसगाव आणि पानशेत, आणि त्या तिघांच्या खाली खडकवासला. चारही मिळून साठा साधारण २९ टीएमसी. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आणि एक टीएमसी म्हणजे जवळपास २,८३२ कोटी लिटर पाणी. यात खडकवासल्याचा स्वतःचा वाटा जेमतेम २ टीएमसी आहे, बाकी सगळं वर साठवलेलं.

हे सांगायचं कारण असं की वरची धरणं आणि खडकवासला उन्हाळ्यात वेगळी वागतात. पानशेत-वरसगावचं पाणी दिवाळीनंतर हळूहळू उतरत जातं ते थेट पाऊस येईपर्यंत. खडकवासला मात्र सारखा वरखाली होतो, कारण वरून पाणी सोडलं की भरतो आणि शहराला आणि कालव्याच्या आवर्तनाला, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस कालव्यात सोडतात त्याला, दिलं की उतरतो. म्हणजे गेल्या रविवारी जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे या रविवारी छातीभर असू शकतं, आणि काठावर उभं राहून ते अजिबात कळत नाही.

पाणी वरून तापतं, आणि वरचं वरच राहतं

आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी असेल आणि वरून गीझरचं कढत पाणी हळूच सोडलं तर काय होतं ते सगळ्यांना माहितीये, वर हात घातला तर चटका आणि तळाशी गारच, हात फिरवून ढवळेपर्यंत ते दोन पाणी एकत्र होत नाहीत. धरणात अगदी हेच होतं. उन्हातली निम्म्याहून जास्त उष्णता वरच्या मीटरभर पाण्यातच संपते, पाणी गढूळ असेल तर त्याहून वर. तापलेलं पाणी हलकं होतं आणि हलकं झालं की वरच बसून राहतं, खाली जातच नाही. ढवळायचं काम करतो वारा. वाऱ्याची ताकद जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत पाणी एकसारखं कोमट होतं, त्याच्याखाली एक पट्टा लागतो जिथे थोड्याशा खोलीत पाणी झपकन गार होत जातं, आणि त्याखाली मग गारच. या मधल्या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, मी पुढे त्याला मधला पट्टाच म्हणणार आहे.

इथे बऱ्याच जणांच्या मनात येतं की हे थरबिर काश्मीर-युरोपातल्या तलावांचं असेल, आपल्याकडे असा कितीसा फरक पडणार. फरक अंशांमध्ये कमी असतो हे खरंच आहे. पण पाण्याची एक गंमत आहे, ते जितकं जास्त गरम तितका एका अंशाने त्याच्या वजनात पडणारा फरक मोठा. ५ अंशांचं पाणी ६ वर नेलं तर ते जेवढं हलकं होतं त्याच्या दहापट २९ चं ३० वर नेलं की होतं. त्यामुळे आपल्या गरम मुलखात तीन-चार अंशांचा फरकसुद्धा थर घट्ट वेगळे ठेवायला पुरेसा पडतो. पानशेतची भिंत साठ मीटरच्या वर उंच आहे, एवढ्या खोल पाण्यात तर हे होणारच.

खात्री करायची असेल तर धरणावर जाऊ नका, गावाकडची विहीर बघा. बाटलीला दगड बांधायचा, तोंडाला सैलसर बूच, बुचाला वेगळी दोरी. बाटली सरळ खाली सोडायची, हव्या त्या खोलीवर गेली की बुचाची दोरी हिसकायची, बुडबुडे यायचे थांबले की वर ओढून लगेच थर्मामीटर घालायचा. आम्ही गावी भर मे महिन्यात दुपारी हे केलं होतं आणि खरं सांगतो थर्मामीटरची गरजच पडली नाही, वरचं पाणी आणि तळाच्या बाटलीतलं पाणी हातावर ओतलं की फरक कळत होता. विहिरीत सूर मारणाऱ्या पोरांना हे न शिकवताच माहिती असतं, खाली गेलं की पायाला गार लागतं.

बारा महिन्यांचा हिशोब

पुण्याच्या बाजूच्या धरणांचं ढोबळ गणित धरलं तर डिसेंबर-जानेवारीत वरचं पाणी साधारण २० ते २२ अंशांवर येतं. थंडीत रात्री वरचं पाणी गार होतं, गार झालं की जड होतं आणि खाली जातं, त्यामुळे थर मोडतात आणि वरपासून खालपर्यंत सगळं पाणी एकदा घुसळून निघतं. वर्षातली ही एक वेळ अशी की पाण्याला वर आणि खाली जवळपास एकच तापमान असतं. या दिवसात कधी पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो किंवा काठाला मासे मरून पडतात, कारण इतके महिने तळाशी हवेशिवाय अडकलेलं पाणी वर आलेलं असतं.

फेब्रुवारीपासून वरचा थर परत तापायला लागतो. एप्रिल-मेमध्ये तो २८ ते ३० वर जातो, वारा पडलेल्या दुपारी वरचं हातभर पाणी त्याहूनही गरम. दुपारी तीन-चारला सगळ्यात कोमट आणि पहाटे त्यातल्या त्यात गार.

मग पाऊस. घाटातून येणारं पुराचं पाणी गारही असतं आणि मातीने भरलेलंही, म्हणजे दोन्हीकडून जड. ते धरणात शिरलं की वर न पसरता खाली बुडी मारतं आणि जुन्या नदीच्या वाटेने तळातून भिंतीकडे जातं. जिथे ते बुडी मारतं तिथे काटक्या-कचऱ्याची एक रेघ पाण्यावर तरंगताना दिसते. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली असा प्रवाह चाललेला असतो, पाणी चहाच्या रंगाचं, हातभर खालचं दिसत नाही, तापमान २५ च्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये धरणात उतरू नये हे एवढ्यावरूनच कळावं, विसर्ग सुरू असेल तर प्रश्नच नाही.

ऑक्टोबर हीटमध्ये पाणी परत थोडं तापतं, धरण काठोकाठ भरलेलं, पाणी निवळलेलं, म्हणून दिसायला वर्षातलं सगळ्यात सुंदर असतं. आणि मग दिवाळीनंतर परत उतरण.

मग मे महिनाच का नडतो?

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. मे महिन्यात पाणी सगळ्यात कोमट असतं आणि त्याच महिन्यात साठा सगळ्यात कमी असतो. या दोन गोष्टी एकाच वेळी येतात, कारण दोन्ही एकाच उन्हाळ्याने केलेल्या आहेत. पाणी बोलवत असतं आणि काठ मात्र आपल्या ओळखीचा नसतो.

भरलेल्या धरणाचा काठ म्हणजे जुन्या शेताचा, माळाचा उतार, तिथे पाय हळूहळू खोल जातो. मेमध्ये तो सगळा भाग कोरडा पडलेला असतो आणि पाणी मागे सरकत जुन्या नदीच्या पात्राजवळ गेलेलं असतं. पात्राच्या कडेला उतार नसतो, दरड असते. चार पावलं पोटरीएवढ्या पाण्यात आणि पाचवं पाऊल थेट ठाव न लागणाऱ्या पाण्यात, हे असं होतं.

त्यात गाळ. खडकवासल्याचं मूळ धरण १८८० च्या आसपासचं, म्हणजे १९६१ च्या पानशेत पुरानंतर भिंत दुरुस्त झाली तरी जलाशयाचा तळ दीडशे वर्षांचा गाळ धरून बसलाय. मे महिन्यात पाणी हटलेल्या पट्ट्यात हा गाळ नीट बघा, वरून वाळून भेगा पडलेल्या, पापुद्रे उचकटलेले, म्हशींच्या खुरांचे खळगे कडक झालेले, चालताना वाटतं फरशीच आहे. पाण्याच्या रेघेजवळ गेलात की पापुद्रा पातळ होतो, मग पाय आत जातो आणि आत लोण्यासारखा काळा चिखल. पाण्याखाली तर वरचा पापुद्रा नसतोच. घोट्यापर्यंत रुतलेला पाय काढायला दुसऱ्या पायावर जोर दिला की तो रुततो, तोल जातो, माणूस पुढे पडतो आणि पुढे पात्राची दरड. पोहता येणारा माणूससुद्धा इथे घाबरतो, कारण त्याला पोहायची संधीच मिळालेली नसते.

आणखी एक. धरणांतला गाळ काढून शेतात टाकायची गाळमुक्त धरण योजना राज्यात २०१७ मध्ये सुरू झाली आणि चांगली योजना आहे, पण जेसीबीने गाळ नाहीतर मुरूम काढला की तिथे सरळ कडांचे खड्डे राहतात, आणि पाणी चढलं की ते झाकले जातात. नकाशात नसतात, पाटी नसते, गावातल्या माणसालाच माहिती की इथे खड्डा आहे. त्यामुळे काठावर गुरं राखणारा बाबा ‘तिकडं नका जाऊ’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, हात जोडून सांगतो.

‘पण धरणाच्या पाण्याला ओढ असते ना?’

कालव्याच्या तोंडाजवळ, दरवाज्यांजवळ, सांडव्याजवळ असते आणि ती जबरदस्त असते. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे हजार क्युसेक सोडलेत म्हटलं की सेकंदाला २८ हजार लिटर चाललंय. तिथे माणसाचं काहीच चालत नाही.

पण भिंतीपासून लांब, बॅकवॉटरला, खेचणारा भोवरा वगैरे सहसा नसतो. लोकांना जी ओढ जाणवते ती बऱ्याचदा घसरणारा तळ, रुतणारा पाय आणि अचानक पायाला लागलेलं गार पाणी, यांची मिळून असते. वाचलेली माणसं सांगतात की कोणीतरी पाय ओढला, मी त्यांना खोटं म्हणत नाही, त्यांना तसंच जाणवलेलं असतं. मात्र कारण ओळखलं नाही तर उपायही चुकतो, म्हणून हे सांगणं भाग आहे.

वरच्या धरणातून सोडलेलं पाणी मात्र वेगळंच प्रकरण. ते विमोचकातून, म्हणजे भिंतीत बऱ्याच खाली असलेल्या दारातून सुटतं, म्हणून भर उन्हाळ्यातही गार असतं. पानशेतच्या खाली नदीत खेळणाऱ्यांना पाणी एकदम गार लागायला लागलं आणि थोडं वाढल्यासारखं वाटलं तर फोटो काढत बसू नका, लगेच बाहेर या.

‘आम्हाला चांगलं पोहता येतं’

टाकीत येत असेल. टाकीत तळ दिसतो, दर पंचवीस-पन्नास मीटरवर भिंत धरायला मिळते, पाणी शांत असतं. विहिरीतही चार हातांवर कठडा असतो. धरणात यातलं काही नाही आणि समोरचा काठ दिसतो त्यापेक्षा कितीतरी लांब असतो, सपाट पाण्यावर अंतराचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. कोकणातल्या, समुद्रात पोहणाऱ्या माणसाला अजून एक फरक जाणवतो. खाऱ्या पाण्यात सत्तर किलोच्या माणसाला गोड्या पाण्यापेक्षा साधारण दोन किलोचा जास्त आधार मिळतो. दोन किलो ऐकायला कमी वाटतात, पण नाक पाण्याच्या वर राहणार की खाली हे तेवढ्यावरच ठरतं.

आणि वारा. मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग येतात, दहा मिनिटांत हवा फिरते आणि लाटा उठतात. मे २०२४ मध्ये उजनी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली, सहा जण गेले. बोट उलटते तिथे पोहणाऱ्याचं काय होईल. ढग दिसले की पाण्यातून बाहेर, यात काही कमीपणा नाही.

‘आपल्याकडे गारठून कोण मरतंय?’

बर्फाळ देशांसारखं नाही हे बरोबर. पण गार पाण्याचा त्रास गारठण्याच्या खूप आधी सुरू होतो. अंगाला अचानक गार पाणी लागलं की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, त्यावर आपला ताबा नसतो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. पाणी २५ अंशांच्या खाली गेलं की हे हळूहळू सुरू होतं आणि १५ च्या खाली फार जोरात होतं. म्हणजे जानेवारीत सकाळी खडकवासल्यात उडी मारली तर थोडंफार होणार, आणि मेमध्ये तापलेल्या अंगाने खोल सूर मारून मधल्या पट्ट्याखाली गेलात तरी होऊ शकतं. उपाय साधा आहे, उडी न मारता हळूहळू उतरायचं, आधी तोंडावर-मानेवर पाणी मारायचं, श्वास ठिकाणावर येईपर्यंत पुढे जायचं नाही.

वेळेचंही तसंच. पाणी हवेपेक्षा अंगाची उष्णता पंचवीसेक पट वेगाने काढून घेतं, त्यामुळे २० अंशांची हवा छान वाटते आणि २० अंशांच्या पाण्यात तासाभरात दात वाजायला लागतात. बोटं जड व्हायला लागली, हाताची बोटं एकमेकांना टेकवणं जमेना की समजा आता स्नायू ऐकणार नाहीत. दारू प्यायलेल्या माणसाला हे कळतच नाही, त्याला आतून गरम वाटत असतं आणि अंग मात्र जास्त वेगाने गार होत असतं.

उलट बाजूही आहे. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय शर्यतींसाठी पाणी १६ ते ३१ अंशांच्या मध्ये असावं असा नियम आहे. यातली वरची मर्यादा आली ती एका मृत्यूनंतर. २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराहला १० किलोमीटरच्या शर्यतीत अमेरिकेचा फ्रॅन क्रिपेन हा कसलेला जलतरणपटू दगावला, पाणी फार गरम होतं. पाण्यात घाम आल्याचं समजत नाही, तहान समजत नाही. मेच्या दुपारी वरच्या कोमट थरात जोरात पोहणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

पाण्यातल्या न दिसणाऱ्या गोष्टी

थोडक्यात सांगतो. पाणी कोमट, संथ आणि शहराचं सांडपाणी आलेलं असेल तर हिरवं शेवाळ माजतं, उजनीत उन्हाळ्यात हे दिसतं. पाण्यावर हिरव्या रंगाची साय आली असेल तर अंगाला खाज सुटते, पोटात गेलं तर त्रास होतो, काही प्रकार विषारी असतात. केरळमध्ये २०२४ मध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमीबामुळे लहान मुलं गेली तेव्हा बऱ्याच पालकांनी विचारलं की आपल्याकडे काय. हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात राहतो आणि फक्त नाकातून आत जातो, पाणी प्यायल्याने नाही. आजार अतिशय दुर्मिळ आहे, पण जवळपास कायम जीवघेणा, म्हणून तळाचा गाळ ढवळणं आणि नाकात जोरात पाणी जाईल अशा उड्या टाळाव्यात. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, धोका वेगळा.

आणि खडकवासल्याचं पाणी पुणेकर पितात, तिथे पोहायला बंदी आहे, पाट्या आहेत. तुमच्या-माझ्या नळाला तेच येतं, तेव्हा ही बंदी निव्वळ सरकारी कटकट नाहीये.

समोर कोणी बुडत असेल तर

आत उडी मारू नका. बातम्यांमधली दुसरी आणि तिसरी नावं अशीच येतात. बुडणारा माणूस ओरडत नाही, हात हलवत नाही, त्याचं तोंड पाण्याच्या रेषेत वरखाली होत असतं आणि हे फार शांतपणे चालतं, त्यामुळे गप्प झालेल्या माणसाकडे आधी बघा. गाडीतला रिकामा पाच लिटरचा कॅन झाकण लावून फेकला तरी माणूस त्यावर तरंगतो. दोरी, ओढणी, साडी, लांब काठी, काहीही फेका, पण स्वतः काठावर पालथं पडून, म्हणजे तुम्ही ओढले जाणार नाही. ११२ ला फोन, ॲम्ब्युलन्ससाठी १०८, आणि शेजारच्या वस्तीवर कोणाला तरी पळवा, कारण होडी आणि तळाची माहिती त्यांच्याकडेच असते.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं, गोल फिरवणं, यातलं काही करू नका, त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत जातं. श्वास चालू नसेल तर नाक दाबून तोंडाने श्वास द्यायचे आणि छाती दाबायला सुरुवात करायची, मदत येईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं.

मग पोहायचंच नाही का?

मला तसं म्हणायचं नाही, मला स्वतःला खुलं पाणी आवडतं. जिथे परवानगी आहे, होडी सोबत आहे, तळ माहिती असलेला माणूस आहे, तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. पाणी निवळलेलं, वळीव नाही, धरण बऱ्यापैकी भरलेलं म्हणून काठ उताराचा. थोडं गार असतं, म्हणून वेळ कमी ठेवायचा, सकाळी लवकर न जाता ऊन वर आल्यावर, दहा-साडेदहानंतर उतरायचं, काठाला समांतर पोहायचं, आत नाही. कमरेला बांधायचा भडक केशरी रंगाचा फुगा मिळतो, तो लावला की होडीवाल्याला लांबून दिसता आणि दम लागला तर धरायलाही होतो. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट, आणि त्याचे पट्टे दोन्ही पायांच्या मधून नीट घेतलेले. नुसतं खांद्यावर अडकवलेलं जॅकेट पाण्यात पडल्या पडल्या डोक्यावरून निघून जातं, बोटिंगला गेलेल्या दहातल्या आठ जणांचे पट्टे लोंबत असतात ते तुम्हीही बघितलं असेल, पुढच्या वेळी आधी आपल्या पोरांचे तपासा.